जुन्या गुलाबाची ओळख बुंध्यापासून पटवा

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. आवारातला गुलाब शेवटच्या आठवड्यात कुणीतरी घाईने उपटतं, नाहीतर चार काड्या कापून आणतं. मग फुलाचा एक फोटो काढला जातो, चार जण चार नावं सुचवतात आणि त्यातलं सर्वांत भारदस्त नाव कुंडीवर चढतं. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या काड्या त्याच नावाने कळवा, वाशी, नेरुळपर्यंत पोचलेल्या असतात. चुकीचं नाव एकदा पसरलं की ते परत गोळा करता येत नाही.

बहुतेकांची चूक निरीक्षणात नसते, क्रमात असते. फूल बघून आधी नाव धरलं जातं आणि मग झाड त्या नावात बसवलं जातं. आधी नेमकं काय फुललंय ते पाहा, मग झाडाचा गट ठरवा, नाव सगळ्यांत शेवटी.

तयारी

ओळख पटवण्याचा आपला हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यानंतर छाटणी केली की साधारण ४५ ते ५० दिवसांनी पहिला भरगच्च बहर येतो. याच बहरातलं फूल खऱ्या आकाराचं आणि खऱ्या रंगाचं असतं. मे महिन्यात तेच फूल निम्म्या आकाराचं आणि विटलेलं येतं. पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांच्या रोगाने पानं गळतात, त्यामुळे पानांवरून काही ठरवायची सोय राहत नाही.

छाटणी करताना एक जुनी फांदी तशीच सोडा. झाडाची मूळ ठेवण, फांद्या किती उंच जातात, टोकाला झुकतात का, हे तिच्यावरच दिसतं. बहरातली दोन-तीन फुलंही झाडावरच सुकू द्या, फळ धरतं की नाही ते कळायला हवं.

हाताशी ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग (सराफाकडे असतं तसं), पट्टी, ब्लेड, पांढरा कागद, रंगीत दोरे, वही आणि शिसपेन्सिल. मार्करची शाई आपल्या उन्हात एका उन्हाळ्यात उडते. प्लॅस्टिकच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहिलेलं मात्र पावसातही टिकतं.

सावधान: इमारत पाडायची तारीख ठरली असेल तर हंगामाची वाट पाहू नका. कोणताही महिना असो, काड्या आधी घ्या. ओळख पुढच्या डिसेंबरात पटवता येईल.

टप्पा १: मिळालेलं नाव लिहून ठेवा, पण वापरू नका

झाड ज्यांच्याकडून आलं त्यांना विचारा: कधी लावलं, कुठून आणलं, तेव्हा काय म्हणत होते. उत्तर जसंच्या तसं उतरवा. “आमच्या सासूबाईंनी अलिबागहून आणलेला, आम्ही एडवर्ड म्हणतो,” असं काकू म्हणाल्या तर वहीत तेच वाक्य जाऊ द्या. जुनं लेबल असेल तर त्याचा फोटो काढा आणि स्पेलिंग चुकलेलं असलं तरी सुधारू नका. फ्रेंच नावं आपल्याकडे कानावरून लिहिली गेली आहेत, त्यामुळे कधी कधी चुकलेलं स्पेलिंगच मूळ नावाकडे बोट दाखवतं.

लावल्याचं साल फार उपयोगी पडतं. १९६५च्या सुमाराला बांधलेल्या इमारतीतला गुलाब जुना असतो, पण तो ‘जुन्या वर्गातला’ असेलच असं नाही. ‘पीस’ १९४५चा, ‘क्वीन एलिझाबेथ’ १९५४चा, ‘सुपर स्टार’ १९६०चा. हे सगळे आधुनिक गुलाब. अमेरिकन रोझ सोसायटीच्या व्याख्येप्रमाणे १८६७च्या आधी अस्तित्वात असलेल्या वर्गांतले गुलाब ते जुने. ही रेघ वर्गावर आहे, एकेका जातीच्या सालावर नाही. म्हणून १८९९चा ‘जनरल गालिएनी’सुद्धा जुनाच, कारण तो टी (चहासारख्या वासाच्या) या जुन्या वर्गातला आहे.

रंगावरून इथेच बरीच चाळणी होते. फूल शेंदरी असेल तर जुन्या नावांची यादी उघडूच नका. तो रंग गुलाबात विसाव्या शतकात आला. गडद, झगझगीत पिवळ्याचंही तेच, त्याची वाट १९००च्या ‘सोलेय दोर’ या जातीपासून मोकळी झाली. जुने पिवळे टी गुलाब फिकट, लोण्याच्या नाहीतर गंधकाच्या छटेचे.

नर्सरीत ‘ओल्ड इंग्लिश रोझ’ म्हणून मिळणारी झाडं बहुधा डेव्हिड ऑस्टिन यांच्या मालिकेतली असतात. त्यांचं फूल मुद्दाम जुन्या घडणीचं केलेलं आहे, पण ती मालिका १९६१च्या ‘कॉन्स्टन्स स्प्राय’पासूनची आहे.

तपासा: तुम्ही शोधताय तो गुलाबच आहे ना? ‘चिनी गुलाब’ म्हणजे पुष्कळ घरांत ‘ऑफिस टाइम’, ते पोर्टुलाका. इंग्रजी पुस्तकांतला ‘चायना रोझ’ म्हणजे बऱ्याचदा जास्वंद. ‘मॉस रोझ’ हे नाव पोर्टुलाकालाही आहे आणि कळीवर शेवाळासारखी लव असलेल्या खऱ्या गुलाबालाही. ‘डेझर्ट रोझ’ म्हणजे अडेनियम. या नावांनी माहिती शोधलीत तर दुसऱ्याच झाडाची वर्णनं हाती येतील.

टप्पा २: फुललंय ते कलम की खुंट?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि पुढचं सगळं याच टप्प्यावर उभं आहे.

नर्सरीतला गुलाब खुंटावर डोळा भरून केलेला असतो: मुळं देणारं खालचं झाड तो खुंट, त्याच्या सालीत हव्या गुलाबाचा डोळा बसवून वर वाढवलेलं ते कलम. वीस-तीस वर्षांत वरचं कलम मरतं, खुंट जगतो आणि फुलतो. घरच्यांना वाटतं, गुलाब हळूहळू बदलला. “पूर्वी मोठी लाल फुलं यायची, आता बारीक गुलाबी येतात,” असं कुणी सांगितलं तर नव्वद टक्के उत्तर मिळालंच समजा.

बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करा. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांतून येणारी झाडं बऱ्याचदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात आणि डोळा भरलेली गाठ त्या गोळ्यातच गाडलेली असते. गोळा पाण्याने भिजवून मऊ करा, गाठ दिसेपर्यंत माती काढा. आता प्रत्येक फांदी खाली कुठे जाते ते बोटाने माग काढत पाहा. गाठीतून किंवा तिच्या वरून निघालेली ती कलमाची, गाठीच्या खालून किंवा मुळातून निघालेली ती खुंटाची. गाठच नसेल तर झाड काडीवरून वाढलेलं आहे. जुन्या घरांतले कित्येक गुलाब असेच असतात आणि ओळखायला ते सर्वांत सोपे.

“सात पानांची फूट जंगली, पाच पानांची कलमी” हा नियम आपल्याकडे तोंडपाठ आहे. आधुनिक गुलाबांत तो कधी कधी चालून जातो. जुन्या गुलाबांत तो घात करतो. दमास्क आणि एडवर्ड या जुन्या गुलाबांच्या (वर्णनं टप्पा पाचमध्ये) एकाच फांदीवर पाच आणि सात पर्णिकांची, म्हणजे एका देठावरच्या छोट्या पानांची, पानं शेजारी शेजारी असतात. हा नियम लावून लोकांनी चांगल्या फांद्या तळापासून कापल्या आहेत. गाठीतून जोमाने येणारी लालसर जाड फूट, जिला माळी वॉटर शूट म्हणतात, तीसुद्धा याच नियमाने बळी जाते.

पर्णिका मोजण्याऐवजी पानाच्या देठाचं बूड भिंगाखाली धरा. देठ फांदीला चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना एक अरुंद हिरवी पट्टी असते, ती उपपर्णं. चायना आणि टी या जुन्या गुलाबवर्गांत तिची कड सरळ, फार तर बारीक ग्रंथींची असते. मल्टिफ्लोरा या खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्या रानटी गुलाबाची कड कंगव्याच्या दातांसारखी खोल फाटलेली दिसते. पान हिरवं असो, पिवळं पडलेलं असो, ही खूण बदलत नाही.

सावधान: फाटकी कड म्हणजे मल्टिफ्लोराचं रक्त, दर वेळी खुंटच असं नाही. ‘सेसिल ब्रुनर’सारख्या पॉलिअँथा (झुपक्यात बारीक फुलं येणाऱ्या) गुलाबांतही ती दिसू शकते. म्हणून गाठ आणि उपपर्णं दोन्ही जुळवून निर्णय घ्या.

आणखी एक अडचण म्हणजे आपल्याकडे खुंट म्हणून एडवर्डही वापरला गेला आहे. ‘एडवर्ड’ नावाने तुमच्याकडे आलेला गुलाब कुणाच्या तरी मेलेल्या कलमाचा खुंट असू शकतो. तरी तो एडवर्डच आहे, नाव बरोबरच. फक्त ‘सासूबाईंचा मूळ गुलाब’ तो नाही, एवढं वहीत लिहा.

टप्पा ३: फुलाआधी पान आणि काटा

खात्रीच्या फांदीचं मधलं, पूर्ण वाढलेलं, निरोगी पान घ्या. वरची बाजू चकचकीत की निस्तेज, खालची बाजू गुळगुळीत की मऊ लवेची, पर्णिकेचं टोक लांबट की गोलसर, कोवळी पालवी हिरवी की तांबूस, हे लिहा. मग काटे: विरळ की दाट, सगळे एकसारखे की लहान-मोठे मिसळलेले, सरळ की वाकडे. मोठ्या काट्यांच्या मध्ये केसासारखे बारीक काटे आहेत का ते वेगळं नोंदवा, ही खूण पुढे फार कामाला येते.

ठाणे-नवी मुंबईच्या हवेनेही बरंच काम सोपं केलेलं आहे. गॅलिका, अल्बा, सेंटिफोलिया या युरोपीय गटांना हिवाळ्याची थंडी लागते. इथे ते नीट फुलत नाहीत. तुमचा गुलाब बाल्कनीत वर्षभर फुलत असेल तर या तिन्ही गटांतली सगळी नावं खोडा. उरतात मुख्यतः चायना, टी, नोइझेट, बोर्बों हे वर्ग आणि त्यांचे संकर. पुस्तकातल्या शेकडो नावांतून यादी इथेच मूठभर होते.

टप्पा ४: एकच फूल तीन दिवस

एका कळीला दोरा बांधा. उमलल्यापासून तीन दिवस, रोज सकाळी सात-आठच्या सुमाराला, सावलीत, शेजारी पांढरा कागद धरून तिचा फोटो काढा. कागद असला की मोबाइल रंगात काय फेरफार करतो ते कळतं. लाल रंगाच्या बाबतीत तो हमखास फेरफार करतो.

तीन फोटो शेजारी ठेवा. चायना गटाचं फूल उन्हात गडद होत जातं, युरोपीय रक्ताचं फिकट होतं. बाल्कनीला थेट ऊन नसेल तर ही परीक्षा फसते, तेवढ्यापुरती कुंडी गच्चीवर न्या.

मग एक ताजं फूल आणि एक कळी कापा. कळी झाकणारी पाच निदलं पसरून बघा. दमास्कमध्ये दोन निदलांना दोन्ही कडांना फाटे असतात, दोघांना अजिबात नसतात आणि पाचव्याला एकाच कडेला असतात. चायनाची निदलं बहुतांशी साधी. निदलांखालचा फुगीर भाग चायनात लहान, गोलसर, गुळगुळीत. दमास्कमध्ये लांबट आणि चिकट ग्रंथींचा. बोटाने चोळा, चिकटपणा आणि वास लगेच कळतो.

शेवटी फूल ब्लेडने उभं चिरा आणि मधल्या कुक्षीवृंतांकडे, म्हणजे मधोमध उभ्या असलेल्या बारीक दांड्यांकडे पाहा. ते सुटे सुटे असतील तर चायना-टीच्या बाजूचं, जुळून एकच खांब झाला असेल तर मल्टिफ्लोरा किंवा मस्क गुलाबांच्या बाजूचं.

तपासा: सुवास फक्त सकाळी घ्या आणि ‘आहे/नाही’ असं न लिहिता कशासारखा ते लिहा. गुलकंदाचा वास, चहापत्तीचा, मिरीसारखा तिखटसर, की नावापुरताच.

टप्पा ५: गट ठरवा

आपल्याकडचा गोंधळ मुख्यतः दोन ढिगाऱ्यांत आहे. पहिला ‘गुलाबी गावठी’, दुसरा ‘लाल गावठी’.

गुलाबी गावठीत तीन वेगळी झाडं एकाच नावाने फिरतात. ‘ओल्ड ब्लश’: पर्णिका बहुधा तीन ते पाच, गुळगुळीत, काटे थोडे, अर्धवट भरीव फुलं झुपक्यात, वयाबरोबर गडद होणारी, वास हलका, वर्षभर फुलणारी. ‘एडवर्ड’: बोर्बों वर्गाचा, हा वर्गच रेयुनियन बेटावरून आलेला; फांद्या उंच, काटे मजबूत आणि वाकडे, फूल भरीव गडद गुलाबी, गुलकंदाचा दाट वास, बहर टप्प्याटप्प्याने. दमास्क: दाट लहान-मोठे काटे आणि मध्ये केसाळ काटे, पान राखाडी छटेचं आणि खालून लवदार, निदलांना फाटे, मुख्य बहर चैताच्या आसपास. उत्तरेकडे त्यालाच चैती गुलाब म्हणतात. वास गुलकंदाचा आला की लोक दमास्क म्हणून मोकळे होतात. वास एडवर्डलाही तोच येतो. फरक काट्यांत आणि पानाच्या खालच्या बाजूत आहे. ‘पनीर रोझ’ नावाने येणारं झाडही याच कसोटीला लावा, ते नाव विक्रेत्यागणिक वेगळ्या झाडाला लावलं जातं.

लाल गावठीत ‘ग्रुस आन टेप्लित्झ’ (१८९७) आणि लाल चायना यांची गल्लत होते, कारण दोघांचीही फुलं माना टाकतात. ग्रुस उंच वाढतो, त्याची पालवी जांभळट आणि वास तीव्र, मसालेदार. लाल चायना बुटका, बारीक फांद्यांचा, वास जेमतेम, आतल्या पाकळ्यांवर अधूनमधून पांढरी रेघ. रेघ दिसली की ग्रुस सोडून द्या.

लाल चायनातही ‘क्रामोइझी सुपेरिएर’ (१८३२) आणि ‘लुई फिलिप’ (१८३४) ही दोन नावं नामांकित बागांतही एकमेकांच्या झाडांवर लागलेली आहेत. ‘ॲग्रिपिना’ हे तिसरं नाव दिसलं तर ते पहिल्याचंच दुसरं नाव. या जोडीत घरच्या निरीक्षणावर ठाम नाव देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘लाल चायना, या जोडीपैकी’ एवढं लिहिणं पुरेसं आणि प्रामाणिक.

टप्पा ६: आता नावाची गाठ सोडवा

गट हाती आल्यावरच नावांकडे वळा. समोर आलेल्या दोन सारख्या नावांचं नातं आधी ठरवा, कारण प्रत्येक नात्याची परीक्षा वेगळी आहे.

१. एकच झाड, अनेक नावं. ‘डचेस द ब्राबाँ’ (१८५७), ‘कोंतेस द लाबार्त’ आणि ‘कोंतेस उवारोफ’ हा एकच टी गुलाब. इथे फरक शोधत बसलात तर वेळ वाया जाईल.

२. झाड तेच, फूल बदललेलं. एखाद्या फांदीवर आपोआप वेगळं फूल आलं आणि त्याला नवं नाव मिळालं. ‘ला रेन व्हिक्तोरिया’ (१८७२) आणि ‘मादाम पिएर ओजे’ (१८७८) ही अशी जोडी. ‘मामान कोशे’ (१८९३) आणि ‘व्हाइट मामान कोशे’ (१८९६) ही दुसरी. पान-काटे सारखेच असणार, निर्णय फक्त फुलाच्या रंगावर. अशी फांदी कधी कधी मूळ रूपावरही परतते, म्हणून एका बहरावर निकाल देऊ नका.

३. फूल तेच, झाड बदललेलं. ‘सुव्हनीर द ला माल्मेझों’ (१८४३) झुडूप आहे, त्याचीच वेलीसारखी चढणारी जात १८९३ची. कुंडीत छाटून ठेवलेली चढणारी जात झुडपासारखीच दिसते. न छाटलेली फांदी इथे उपयोगी पडते. या गुलाबाची एक जोडखूणही आहे: दमट हवेत त्याच्या कळ्या न उमलता जागीच कुजतात, आणि आपल्या पावसाळ्यात ते ठळक दिसतं.

४. नाव एकाचं, झाड दुसऱ्याचं. ‘ब्लूमफील्ड अबंडन्स’ म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलेलं बरंचसं झाड प्रत्यक्षात ‘स्प्रे सेसिल ब्रुनर’ आहे, असं आता मानलं जातं. साध्या ‘सेसिल ब्रुनर’पासून (१८८१) ते वेगळं काढायचं तर कळी पाहा: निदलं पाकळ्यांच्या पुढे लांब, पानासारखी निघालेली असतील तर ते स्प्रे.

५. फक्त सुरुवात सारखी. ‘जनरल जॅकमिनो’ (१८५३) आणि ‘जनरल गालिएनी’, ‘पॉल नेरों’ (१८६९) आणि ‘पॉल्स स्कार्लेट क्लाइंबर’ (१९१६). यांचा एकमेकांशी संबंध नाही. लेबलवर नुसतं ‘जनरल’ किंवा ‘पॉल’ उरलं असेल तर टप्पा पाचमधला गटच ते सोडवतो.

गुलाबांच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी अमेरिकन रोझ सोसायटीकडे १९५५पासून आहे. त्याआधीच्या नर्सरीवाल्यांनी तेच नाव दोन-दोन झाडांना दिलेलं सापडतं. म्हणून ऑनलाइन शोधताना नुसतं नाव देऊ नका. नाव, वर्ग, साल आणि शक्य असल्यास निर्माता, असं एकत्र द्या. ‘हेल्पमीफाइंड’ या वेबसाइटच्या गुलाबविभागात प्रत्येक नावाखाली वर्ग आणि पर्यायी नावं दिलेली असतात, तिथून सुरुवात करा. फोटो मात्र शेवटी बघा. ते वेगवेगळ्या हवेतल्या, कधी चुकीच्या नावाच्या झाडांचे असतात.

तपासा: तुमच्या वहीतल्या पाच खुणा (उपपर्णं, काटे, निदलं, कुक्षीवृंत, रंगाचा बदल) छापील वर्णनाशी जुळतात का? एक जरी ठाम विरोधात गेली तर नाव बाद. चार जुळल्या म्हणून पाचवीकडे डोळेझाक करायची नाही.

टप्पा ७: काडी लावून खात्री

पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, फुलून गेलेल्या फांदीच्या १५ ते २० सेंटिमीटरच्या काड्या घ्या. पावसाळ्याची मधली उघडीप किंवा नोव्हेंबर-डिसेंबर चांगला. जुने चायना आणि एडवर्ड काडीवर सहज धरतात. स्वतःच्या मुळावर वाढलेल्या झाडात खुंटाची भानगड उरत नाही आणि झाडाची ठेवण अस्सल दिसते. मूळ झाड आणि काडीचं झाड यांच्या खुणा वेगळ्या निघाल्या तर टप्पा दोनला परत जा.

टप्पा ८: नाव लावा, किंवा तात्पुरतं नाव लावा

खात्री पटली तर एकेरी अवतरणात पूर्ण नाव, वर्ग, साल. पटली नाही तर दुहेरी अवतरणात कामचलाऊ नाव: “नौपाडा गुलाबी”, “सेक्टर १७ लाल”. जगभरचे जुन्या गुलाबांचे अभ्यासक हेच करतात. बर्म्युडात कुणालाच न ओळखता आलेले जुने गुलाब “स्मिथ्स पॅरिश”, “स्पाइस” अशा नावांनी जपले गेले, आणि त्या नावांमुळेच ते पुढे तुलनेला मिळाले. ठिकाणाचं नाव लावलेला गुलाब कमी दर्जाचा ठरत नाही; खोटं फ्रेंच नाव लावलेला मात्र अभ्यासातून बाद होतो.

लेबल दोन करा. एक कुंडीत मातीखाली गाडा, एक फांदीला सैल तारेने बांधा. वरचं हरवतं, खालचं राहतं. काडी कुणाला द्याल तेव्हा लेबलाच्या मागे मूळ झाडाचं ठिकाण, काडी घेतल्याची तारीख आणि नाव पक्कं की तात्पुरतं, एवढं लिहूनच द्या. घेणाऱ्याकडे पहिलं फूल आलं की टप्पा चार त्याच्याकडून करून घ्या आणि त्याचे तीन फोटो तुमच्या वहीत जोडा.